लोणी चुरचुरण्याआधीचे चार आठवडे : मराठी खाद्य-व्हिडिओवाल्यांना खुले पत्र

न्यूयॉर्कला येऊन ब्रुकलिनच्या पीटर लुगर स्टेकहाऊसचे व्हिडिओ करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

तुमच्या व्हिडिओंचा साचा आता आम्हाला पाठ झाला आहे. आधी विल्यम्सबर्ग पूल, मग ब्रॉडवेवरची जुनी इमारत, आत झिजलेली लाकडी टेबलं, बो-टाय आणि लांब पांढरा एप्रन घातलेला, फारसं न हसणारा वेटर. मग एका बाजूला कललेली ताटली येते, लोणी चुरचुरतं, कॅमेरा जवळ सरकतो. पहिला घास, डोळे मिटलेले, आणि दोनांपैकी एक निकाल. एक तर "आयुष्यात असं खाल्लं नाही", नाहीतर "एवढ्या पैशांत हे? त्यापेक्षा आपलं कोल्हापुरी मटण बरं". निकाल काहीही द्या, तो तुमचा हक्क. फक्त दोन्हींमध्ये कारण कधीच सांगितलेलं नसतं. जमलं तर कशामुळे जमलं, फसलं तर नेमकं कुठे फसलं, यावर अवाक्षर नाही.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काही जण न्यूयॉर्क आणि आसपासच्या स्टेकहाऊसांत ब्रॉयलरवर, म्हणजे वरून धग देणाऱ्या भट्टीवर, उभे असतात, काही घाऊक बाजारात मांसाची खरेदी करतात, आणि एक जण शीतखोल्यांची यंत्रं दुरुस्त करतो. पीटर लुगरचे आम्ही नोकर नाही आणि वकीलही नाही. पण ज्या ताटलीवर तुम्ही निकाल देता ती महिनाभर घडत असते, आणि तुमच्या व्हिडिओत तिची शेवटची दीड मिनिटं येतात.

आधी दोन-चार सनावळ्या, कारण प्रत्येक व्हिडिओत त्या वेगळ्या असतात. दुकान १८८७ सालचं. तेव्हा विल्यम्सबर्ग ही जर्मन वस्ती होती आणि पाटीवर नाव होतं कार्ल लुगरचं : कॅफे, बिलियर्ड्स आणि बोलिंगची गल्ली. समोरचा पूल सुरू झाला १९०३ मध्ये, म्हणजे दुकान पुलापेक्षा सोळा वर्षांनी मोठं. मालक पीटर लुगर १९४१ साली वारला, पुढे धंदा ढेपाळला आणि १९५० मध्ये दुकान लिलावात निघालं. ते घेतलं सोल फोरमन यांनी. त्यांचा धातूच्या वस्तूंचा कारखाना रस्त्यापलीकडेच होता आणि ते रोजचं गिऱ्हाईक होते. मांस निवडायचं काम त्यांच्या पत्नी मार्शा यांनी शिकून घेतलं, आणि मांसबाजारात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी माल पारखायची ही जबाबदारी त्या घरातल्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. "दीडशे वर्षं एकाच कुटुंबाचं दुकान" हे वाक्य म्हणूनच काढून टाका. दीडशे वर्षंही झालेली नाहीत आणि कुटुंबही एक नाही.

आता माल.

अमेरिकेत मांसाची आरोग्य-तपासणी सक्तीची आहे, प्रतवारी मात्र ऐच्छिक. ती कृषी खात्याचा माणूस करतो आणि तिचे पैसे कत्तलखाना भरतो. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये चिरून तिथल्या स्नायूत चरबीची जाळी किती आणि किती बारीक आहे ते बघतात, जनावराचं वय बघतात, आणि मग प्राइम, चॉइस, सिलेक्ट असा उतरत्या क्रमाने शिक्का पडतो. मोठ्या स्टेकहाऊसांत प्राइम वापरतात. पण "प्राइम आहे" एवढ्याने काहीच ठरत नाही. प्रत ठरते बरगडीपाशी, आणि स्टेकहाऊस विकत घेतं त्यामागचा कमरेचा भाग, म्हणजे शॉर्ट लॉइन. बरगडीपाशी छान जाळी असलेलं जनावर कमरेत कोरडं निघू शकतं. म्हणून प्राइमच्या ढिगातूनही हाताने निवड करावी लागते. आपण मटणवाल्याला "पुठ्ठ्याचं द्या, सीना नको" म्हणतो ना, तेच इथे, फक्त निवड एका बकऱ्यातून नसून टांगलेल्या शेकडो तुकड्यांतून असते.

निवडताना काय बघतात? चरबी पांढरी आणि घट्ट हवी, पिवळी आणि मऊ नको. वरचा चरबीचा थर सलग हवा, कुठेही सोलवटलेला नको, कारण पुढे महिनाभर तोच मांसाचं पांघरूण असतो. जाळी सुताच्या धाग्यासारखी बारीक हवी, जाड गुठळ्या असलेली नको. हाडाचा छेद लालसर आणि सच्छिद्र असेल तर जनावर कोवळं. आणि मांस काळपट, चिकट दिसलं तर हातही लावायचा नाही. कापण्याआधी जनावर खूप घाबरलं किंवा दमलं असेल तर स्नायूंतली साखर संपलेली असते, मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, आम्लता-मापनाचा आकडा साडेपाचच्या आसपास उतरायचा तो सहाच्या वर अडकतो. असा तुकडा आठ दिवसांतच वास मारायला लागतो, मुरवणं तर दूरच.

मुरवणं हाच शब्द आम्ही वापरतो. "ड्राय एजिंग" म्हटलं की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते, आणि "वाळवणं" म्हटलं की सुकट. लोणचं मुरतं तसं हे मुरतं, फक्त इथे मीठ, तेल, मोहरी काही नाही. आहे ती थंडी, हवा आणि वेळ.

खोलीचं तापमान १ ते ३ अंश सेल्सियस. हवेतली आर्द्रता साधारण ७५ ते ८५ टक्के. पंखे सतत चालू, हवा मंद पण सगळीकडून फिरणारी. तुकडे जाळीच्या फळ्यांवर किंवा आकड्याला टांगलेले, एकमेकांना न टेकता, भिंतीपासून हातभर लांब. हाड आणि चरबी काढायची नाही. असे तीन ते चार आठवडे, काही ठिकाणी त्याहून जास्त.

या काळात दोन वेगवेगळी कामं चाललेली असतात आणि व्हिडिओंत ती हमखास एकच समजली जातात. पहिलं काम मऊपणाचं. मांसातले मूळचेच एन्झाइम, मुख्यतः कॅल्पेन, स्नायूंच्या तंतूंचे जोड तोडतात. हे बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत उरकतं. दुसरं काम चवीचं, आणि ते सावकाश चालतं : पाणी उडून चव दाट होते, प्रथिनं मोडून ग्लुटामेटसारखी अमिनो आम्लं मोकळी होतात, चरबीचं थोडं विघटन होऊन खवा किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जवळ जाणारा वास येतो. वरच्या कडक सालीवर पांढरट बुरशी धरते, त्यात थॅम्निडियम जातीची असली तर खरेदीदार खूश होतो. म्हणून ४५ किंवा ६० दिवसांचं मांस २८ दिवसांच्या मांसापेक्षा फार मऊ असेल असं समजू नका. ते जास्त उग्र असतं, एवढंच. काहींना आवडतं, काहींना जुन्या चीजचा वास येतो म्हणून नको वाटतं. मेन्यूवर दिवसांचा आकडा मोठा दिसला की तुमच्या आवाजात जो आदर येतो, तो थोडा आवरा.

ही खोली बिघडते कशी, ते आमच्या यंत्रवाल्या मित्राच्या भाषेत सांगतो. आर्द्रता नव्वदच्या वर गेली की मांसावर बुळबुळीत थर येतो. ते स्यूडोमोनाससारखे जिवाणू, आणि वास आंबूस. आर्द्रता फार उतरली तर उलटं : साल झटपट कडक होते, आतलं पाणी अडकतं आणि कापून टाकायचा भाग वाढतो. तापमान उणे दोनच्या खाली घसरलं तर मांस गोठतं आणि एन्झाइमचं काम थांबतं. पाचच्या वर चढलं तर मुरण्याऐवजी सडणं पुढे निघतं. आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक यंत्राची नसतेच. नुकता आलेला, अजून पुरता थंड न झालेला माल घाईने मुरलेल्या मालाशेजारी लावला जातो. त्याची ऊब आणि बाष्प शेजारच्या फळीवर बसतं आणि वीस दिवसांची मेहनत दोन दिवसांत चिकट होते. म्हणून नवा माल वेगळ्या कोपऱ्यात, जिथून हवा यंत्राकडे परत ओढली जाते त्या बाजूला, आणि प्रत्येक तुकड्याला तारखेची चिठ्ठी. दार किती वेळा उघडायचं यावरसुद्धा ओरडा होतो.

इथे एक विनंती पोटतिडकीने. "घरच्या फ्रिजमध्ये ड्राय एजिंग" असे जे व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी टाकले आहेत, ते कृपा करून काढा. घरचा फ्रिज दिवसातून वीस वेळा उघडतो, त्यात आर्द्रतेवर ताबा नसतो, शेजारी चिरलेला कांदा आणि कालची कोळंबी असते. लिस्टेरिया हा आजारी पाडणारा जिवाणू थंडीतही वाढतो. शिवाय हिशेबच जुळत नाही : अडीच सेंटिमीटर जाडीचा सुटा स्टेक मुरवला तर दोन्ही बाजूंनी जवळपास सेंटिमीटरभर साल कापावी लागते. हातात काय उरणार? मुरवायचा असतो तो दहा-अकरा किलोचा, हाड-चरबीसकट अख्खा तुकडा.

आता पैशाकडे येऊ, कारण "लूट आहे" हे वाक्य तिथूनच निघतं. हिशेबासाठी आकडा धरू, हा कुठल्या दुकानाचा भाव नव्हे. २५ पौंडांचा शॉर्ट लॉइन, पौंडाला १२ डॉलर, म्हणजे ३०० डॉलर. चार आठवड्यांत पाणी उडून साधारण दहा-पंधरा टक्के वजन जातं, मग साल आणि वाळलेली चरबी कापली की एकूण घट तीस टक्क्यांच्या आसपास पोचते. उरले साडेसतरा पौंड, आणि भाव झाला पौंडाला १७ डॉलर १४ सेंट. त्यात हाडाचं वजन धरलेलंच आहे. आता दुकान आठवड्याला शंभर शॉर्ट लॉइन विकत असेल तर चार आठवड्यांचे चारशे खोलीत पडून हवेत : १ लाख २० हजार डॉलर फळीवर ठेवलेले, रोज वजनाने घटणारे. वीज, जागा, विमा वेगळा.

आणि यातून एक गोष्ट निघते जी गिऱ्हाइकाला कधी कळत नाही. आज रात्री जो तुकडा विकायचा त्याचा निर्णय महिन्यापूर्वी झालेला असतो. अचानक गर्दी वाढली, एखादा व्हिडिओ गाजला, सुट्ट्यांचा हंगाम अंदाजापेक्षा जोरात गेला, तर वाढीव मुरलेला माल आणायचा कुठून? अशा वेळी धंद्यात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक "आज संपलं" म्हणतात. दुसरे अठरा दिवसांचा तुकडा अठ्ठावीसच्या भावात काढतात. तो मऊ असतो, वाईट नसतो, फक्त ज्या चवीसाठी लोक आले ती त्यात पुरती आलेली नसते. ज्या स्टेकला तुम्ही "नुसतं चांगलं मांस, विशेष काही नाही" म्हणता, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

तुकड्याचं नाव नीट घ्या. शॉर्ट लॉइनमध्ये इंग्रजी टी अक्षरासारखं हाड असतं. एका बाजूला स्ट्रिप, चवीला भारी आणि थोडा चावायला लावणारा; दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन, लोण्यासारखा मऊ पण चवीला सौम्य. टेंडरलॉइनची रुंदी किमान सव्वा इंच असेल तर तो पोर्टरहाऊस, त्याहून कमी पण अर्धा इंच किंवा जास्त असेल तर टी-बोन. टेंडरलॉइन पुढून मागे जाड होत जातो, त्यामुळे खरे पोर्टरहाऊस फक्त मागच्या टोकाकडून निघतात आणि एका शॉर्ट लॉइनमधून जाड कापले तर मोजकेच. त्यातही अगदी शेवटच्या एक-दोन तुकड्यांत स्ट्रिपच्या बाजूला अर्धचंद्रासारखी पांढरी शीर दिसते. तिथे दुसरा स्नायू सुरू झालेला असतो आणि ती शीर कितीही भाजली तरी चिवट राहते. तुमच्या ताटलीत तो अर्धचंद्र दिसला तर "मांस कडक" एवढंच म्हणू नका, शीर कॅमेऱ्यात दाखवा. तो तुकडा कापणाऱ्याने बाजूला काढायला हवा होता, आणि ही तक्रार वेटरला जागेवरच केलीत तर ती रास्त आहे.

ब्रॉयलर. याला तुम्ही सगळे "ग्रिल" म्हणता. ग्रिलमध्ये आग खाली, ब्रॉयलरमध्ये वर. गॅसवर चालणाऱ्या चिनीमातीच्या पट्ट्या तापून लाल-केशरी होतात, पृष्ठभागी साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत, आणि ती धग वरून खाली मारते. एकेका कप्प्याला तासाला लाखभर बीटीयूच्या (हे उष्णता मोजायचं एकक) घरात गॅस लागतो. फरक असा की वितळलेली चरबी आगीवर न पडता खालच्या थाळीत पडते. म्हणून कोळशावरच्या कबाबाचा धुरकट वास यात नसतो, आणि "धुराचा फ्लेवर काय कमाल" असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्हाला खोकला येतो. आपल्याकडचं त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण म्हणजे तंदूर, कारण तिथेही भिंतीची धग भाजते. पण तंदुरात चरबी निखाऱ्यावरच पडते.

साधारण पाच सेंटिमीटर जाडीचा तुकडा, वर भरड मीठ, आणि पृष्ठभाग कोरडा. या कोरडेपणाला फार महत्त्व आहे. वर पाणी असेल तोवर पृष्ठभाग शंभर अंशांपाशी अडकून बसतो, आणि तपकिरी कवच धरायला १४० च्या वर जावं लागतं. मुरलेल्या मांसात पाणी कमी आणि मोकळी अमिनो आम्लं जास्त, म्हणून ते लवकर रंगतं. ताजं, पिशवीतून काढलेलं ओलं मांस त्याच ब्रॉयलरखाली राखाडी पडतं आणि कवच धरेपर्यंत आतून शिजून जातं. तुकडा लावताना टेंडरलॉइनची बाजू कप्प्याच्या कमी तापणाऱ्या कडेला ठेवायची, कारण ती आधी शिजते. हाडालगतचं मांस सगळ्यांत मागे राहतं. आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, तिपटी-चौपटीकडे सरकतो. चौघांसाठीच्या ऑर्डरला दोन मोठे तुकडे येतात ते बहुतेक म्हणूनच.

कवच एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला फिकं का येतं? पट्ट्यांची बारीक छिद्रं चरबीच्या काजळीने बुजली की तेवढा भाग थंड पडतो. ब्रॉयलर पेटलेला असताना ते डोळ्यांनी दिसतं : केशरी पट्टीत काळा डाग. दुसरं कारण गॅसचा दाब. शनिवारी रात्री आठ वाजता सगळे कप्पे, तळणी, ओव्हन एकदम चालू असतात आणि पाईप पुरेसा जाड नसेल तर दाब उतरतो. तिसरं, जाळीवर दाटी. भाजणाऱ्याने दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडली नाही तर कडा भाजल्या न जाता वाफवल्या जातात. उपाय तिन्हींना आहेत. पट्ट्या रोज बंद करताना जाळून साफ करायच्या, पाईप वाढवून घ्यायचा, आणि गर्दीत "थांबा" म्हणायची हिंमत ठेवायची. शेवटचा उपाय सगळ्यांत अवघड.

यापुढची पायरी पीटर लुगरची ओळख आहे. पूर्ण शिजण्याआधीच स्टेक बाहेर काढतात, हाडापासून सोडवतात, काप करतात, काप पुन्हा हाडाभोवती मांडतात, लोणी घालतात, आणि तापलेल्या ताटलीसकट परत ब्रॉयलरखाली. टेबलावर ताटलीच्या एका कडेखाली बशी उपडी ठेवतात, म्हणजे रस आणि लोणी खालच्या बाजूला साचतं आणि वेटर ते चमच्याने कापांवर घालतो.

इथेच तुमचा कॅमेरा चुरचुर टिपतो आणि इथेच स्टेक हातातून निसटायला सुरुवात होते. ताटली तुमच्या टेबलावरही शिजवत असते. पाच मिनिटं चित्रीकरण केलंत तर खालचे काप एका पायरीने पुढे गेलेले असतात, आणि मग तुम्ही म्हणता "मीडियम-रेअर सांगितलं होतं, मीडियम आणलं". आणलं बरोबर, शिजवलं तुम्ही. आकडे असे : रेअर म्हणजे मध्यभागी ४९ ते ५२ अंश, मीडियम-रेअर ५४ ते ५७, मीडियम ६० ते ६३, वेल-डन ७१ च्या पुढे. बाहेर काढल्यावरही जाड तुकड्यात तीन ते पाच अंश वाढतात. म्हणून या पद्धतीच्या स्टेकला हवं त्याच्या एक पायरी खालचं सांगावं, आणि खायला सुरुवात ताटलीला टेकलेल्या कापांपासून करावी. अमेरिकेचं कृषी खातं अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती सांगतं. त्याखाली खाणं हा खाणाऱ्याचा निर्णय, गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस टेबलावर असेल तर तो घेऊ नये.

आणि ते लाल पाणी रक्त नाही. थंबनेलवर "रक्ताळलेला स्टेक" लिहिता ते मायोग्लोबिन, स्नायूतला प्राणवायू धरून ठेवणारा पदार्थ. कापल्याबरोबर तो जांभळट दिसतो, हवा लागली की काही मिनिटांत उजळ लाल होतो. त्यामुळे कापल्या क्षणी घेतलेला शॉट आणि पाच मिनिटांनंतरचा शॉट यांत "कमी शिजलेला" आणि "जास्त शिजलेला" असा वाद घालू नका. त्यात तिथले पिवळे दिवे आणि फोनचा स्वतःहून बदलणारा रंग. खरं बघायचं असेल तर दहा-पंधरा डॉलरला मिळणारा काट्याचा तापमापक खिशात ठेवा.

टीकेबद्दलही बोलू. २०१९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क टाइम्सचे तेव्हाचे समीक्षक पीट वेल्स यांनी पीटर लुगरला शून्य तारे दिले. २०२२ मध्ये मिशेलिन या हॉटेल-मार्गदर्शिकेने दिलेला तारा गेला. तुमच्यापैकी निम्मे "तरीही जगात भारी" म्हणून आणि निम्मे "बघा, आम्ही म्हणत नव्हतो" म्हणून या दोन बातम्या वापरतात. आमचं मत विचाराल तर, माल निवडण्यात आणि मुरवण्यात जुन्या दुकानाचा हात धरणारे आजही थोडे आहेत. ढिलाई शिरते ती शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि ती दिवसागणिक बदलते. म्हणूनच एका भेटीवरून दिलेला निकाल, बाजूने असो की विरुद्ध, फार तोकडा पडतो. समीक्षक तीन-तीनदा जातात ते हौस म्हणून नाही.

मुंबई-पुण्याच्या स्टेकशी तुलना करताना एवढं ध्यानात असू द्या की महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. तिथला "स्टेक" बहुतेक म्हशीचा असतो. म्हशीच्या मांसात ती चरबीची जाळी जवळजवळ नसतेच, तंतू जाड असतात. ते पातळ कापून, मसाला लावून ठेवून, झटपट परतण्यात शहाणपण आहे. गोव्यात लसूण-मिरी चोळून करतात तो बीफ स्टेक त्याच्या जागी उत्तमच. पण पाच सेंटिमीटर जाडीचा ब्रॉयलरखालचा तुकडा आणि तो, यांत अधिक-उणं लावणं म्हणजे पुरणपोळी आणि भाकरीत लावण्यासारखं.

गोमांस न खाणारे अनेक मराठी लोक ऑफिसच्या जेवणासाठी अशा ठिकाणी येतात, आणि त्यांच्या उपयोगाचं तुम्ही फारसं काही सांगत नाही. मासे आणि लॅम्ब चॉप बहुतेक ठिकाणी असतात, पण ते त्याच जाळीवर, त्याच थाळीवर भाजले जातात. क्रीम्ड स्पिनॅच, म्हणजे सायीतला पालक, शाकाहारी आहे असं धरून चालू नका, काही ठिकाणी त्यात बेकनची चरबी किंवा मांसाचा स्टॉक असतो. बटाटे काही ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. प्रश्न "व्हेज आहे का" असा नको, त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. "कशात तळलंय आणि स्टॉक कुठला" असं विचारा. टोमॅटो-कांद्याच्या जाड चकत्या मात्र निर्धोक, आणि बाटलीतला सॉस त्यांच्यावरच शोभतो, स्टेकवर ओतू नका.

बिल : ३०० डॉलरचं जेवण झालं तर न्यूयॉर्क शहराचा विक्रीकर ८.८७५ टक्के, म्हणजे २६ डॉलर ६३ सेंट, आणि मूळ रकमेवर वीस टक्के टिप ६० डॉलर. एकूण ३८६ डॉलर ६३ सेंट. हा आकडा व्हिडिओच्या सुरुवातीला सांगा, शेवटी धक्का म्हणून नको. पीटर लुगरमध्ये वर्षानुवर्षं क्रेडिट कार्ड चालत नसे, रोख किंवा डेबिट कार्ड लागे; निघण्याआधी सध्याचा नियम फोन करून विचारा. मुरलेल्या तुकड्यांच्या कापट्यांपासून केलेला बर्गर फक्त दुपारी मिळतो, आणि पैसे जपून या धंद्याची चव कळून घ्यायची असेल तर आमच्या मते तोच मागवावा.

पुढच्या वेळी याल तेव्हा मधल्या वारी, दुपारी तीनच्या सुमाराला या. भाजणाऱ्याला उसंत असते, गॅसचा दाब पूर्ण असतो, आणि वेटरला मुरवणीबद्दल दोन प्रश्न विचारले तर तो उत्तर देण्याची शक्यता असते. ताटली आली की आधी तीस सेकंद कवच दाखवा, दोन्ही बाजूंनी. मग टेंडरलॉइनचा एक आणि स्ट्रिपचा एक काप उचलून थंड बशीत काढा, छेद दाखवा, तापमापक लावा. मग फोन खाली ठेवा आणि गरम आहे तोवर खा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
न्यूयॉर्क परिसरात ब्रॉयलर, मांसबाजार आणि शीतखोल्यांत काम करणारे काही मराठी लोक